ऋतुचक्र आणि शरीराचा पहारा

मासिक स्राव म्हणजे अशुद्ध रक्ताचा निचरा, ही समजूत सुशिक्षितांच्या घरांतूनहि अद्याप पुरती गेलेली नाहीं. वस्तुतः तें रक्त इतर रक्ताहून मुळींच अशुद्ध नसतें. गर्भाशयाच्या अस्तराचे कण त्यांत मिसळलेले असतात, इतकेंच. "कावळा शिवला" म्हणून ज्या चार दिवसांचा बाऊ केला जातो, त्यांच्या कितीतरी आधीं शरीराच्या संरक्षक व्यवस्थेंत अधिक नवलाच्या घडामोडी होऊन गेलेल्या असतात.

या व्यवस्थेचें मुख्य काम म्हणजे आपलें कोणतें व परकें कोणतें हें ओळखून परक्याला हांकून देणें. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा जखमेवर लावला, तर शरीर तो थोड्याच दिवसांत झिडकारतें. मग गर्भाचें काय? त्याचा निम्मा वारसा पित्याकडून आलेला, म्हणजे मातेच्या दृष्टीनें परकाच. तरीहि तो नऊ महिने सुखरूप वाढतो! हें कोडें पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञानें १९५३ सालीं मांडलें. त्याच्या उत्तराचा एक धागा ऋतुचक्रांत सांपडतो. गर्भ कोणत्या महिन्यांत राहील हें शरीराला आगाऊ कळत नाहीं. म्हणून पाहुण्याची तयारी तें दरमहा करून ठेवतें.

चक्र २८ दिवसांचें धरलें, तर सुमारें चौदाव्या दिवशीं स्त्रीबीज बाहेर पडतें. तोंवर इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचा अंमल असतो. पुढें प्रोजेस्टेरॉनचा सुरू होतो. अंग किंचित् उष्ण होतें, सेंटिग्रेडच्या मापानें फार तर अर्धा अंश. पण तो ताप नव्हे. प्रोजेस्टेरॉन चढाईखोर पेशींना लगाम घालतें. त्याच वेळीं गर्भाशयाच्या अस्तरांत एका जातीच्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते. शास्त्रज्ञ त्यांना 'मारेकरी पेशी' म्हणतात. पण येथें त्या गर्भासाठीं रक्तवाहिन्या रुंद करण्यास हातभार लावतात. नांव मारेकऱ्याचें, काम दाईचें! या दिवसांत पहारा सैल असल्यानें रोगजंतूंनाहि आंत शिरण्यास फावत असावें, असा संशोधकांचा तर्क आहे.

गर्भ राहिला नाहीं कीं प्रोजेस्टेरॉन ओसरतें, लगाम सुटतो आणि पांढऱ्या पेशी अस्तराकडे धांव घेतात. पुढील स्राव व वेदना म्हणजे एक प्रकारें दाहच होय. कित्येक दमेकरी स्त्रियांना याच सुमारास धाप अधिक लागते. घरांत त्याला "दर महिन्याचें निमित्त" म्हणणें सोपें, पण अन्यायाचें आहे. दोनतीन महिने धाप लागल्याच्या तारखा टिपून डॉक्टरांना दाखविल्यास औषधाची योजना त्या बेतानें करतां येते.

याचा अर्थ स्त्रीची प्रतिकारशक्ति दुबळी, असा मात्र नव्हे. लस टोंचल्यावर तिच्या रक्तांत पुरुषापेक्षां बहुधा अधिक प्रतिद्रव्यें तयार होतात. त्या तिखटपणाची किंमतहि तिलाच मोजावी लागते: ज्या रोगांत संरक्षक व्यवस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्यांच्या दर पांच रुग्णांत सुमारें चार स्त्रिया असतात.

स्राव पुरता थांबण्यापूर्वींच नवें अस्तर धरूं लागतें. एवढी मोठी जखम मागें व्रण न ठेवतां भरून येते, आणि एका आयुष्यांत ती ४०० च्या आसपास वेळां अशीच भरून येते.