एकवीस षटकांच्या सावलीत

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या क्रिकेटशौकिनापुढे बापू नाडकर्णी यांचे नाव काढावे, की उत्तर ठरलेले : सलग २१ निर्धाव षटके! जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ३२ षटके, २७ निर्धाव, धावा अवघ्या ५. बळी मात्र एकही नाही. नाशिकच्या या डावखुऱ्या खेळाडूला त्या विक्रमाने कीर्ती दिली आणि त्याच्यावर अन्यायही केला.

धावा रोखणे हीदेखील माऱ्याचीच एक रीत आहे. जखडलेला फलंदाज दुसऱ्या टोकाला उतावीळ होतो आणि बळी भलत्याच्याच खात्यावर जमा होतो. कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्यांना हा न्याय नवा नाही.

पण बापू केवळ धावा रोखणारे नव्हते. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची नामुष्की ओढवली. पहिल्या डावात नाबाद ५२ धावा काढणारे बापू दुसऱ्या डावात १२२ धावा करून नाबादच राहिले आणि सामना अनिर्णित सुटला. पुढे ऑक्टोबरात बॉबी सिम्प्सन यांचा ऑस्ट्रेलियन संघ मद्रासला खेळला. त्या कसोटीत बापूंनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ बळी घेतले. भारत १३९ धावांनी हरला आणि पराभवाबरोबर ते ११ बळीही विस्मृतीत गेले.

४१ कसोटींत १,४१४ धावा आणि ८८ बळी, अशा अष्टपैलू खेळाडूला आपण एका आकड्यात कोंडून ठेवले. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत बापू निवर्तले. तेव्हाही प्रथम आठवली ती तीच २१ षटके.