अकरावीचं कॉलेज आणि डॉक्टरकीची वाट

भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "मॅडम, डॉक्टर करायचं तर पोरीले नागपूरलेच टाका लागते का जी?" कोणी राजस्थानातल्या कोट्याची चौकशी करतं, कोणी लातूरची.

गुणवत्ता यादीत कॉलेजच्या नावाचा रकानाच नसतो. एमबीबीएसचा प्रवेश 'नीट'च्या ७२० गुणांवर होतो. त्यात ३६० जीवशास्त्राचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी १८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. बारावीच्या या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के मिळाले की पात्रता झाली. बारावीच्या गुणांचं काम तिथेच संपतं. अमेरिकेत आधी पदवी, मग मेडिकल. तिथे पदवीचे गुण, शिफारसपत्रं, मुलाखत सगळंच बघतात, म्हणून कॉलेजच्या नावालाही थोडंफार वजन येतं. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

नावाने फरक पडत नाही, पत्त्याने मात्र पडतो. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशभरासाठी आणि ८५ टक्के राज्यासाठी असतात. राज्याच्या जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच; शिवाय काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात. तुमसरच्या पुढे बावनथडी ओलांडली की बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. मामाकडे राहून पोराने तिकडे बारावी केली, तर घर तुमसरला असूनही या जागांचं दार बंद होतं.

पूर्वी विभागही मोजायचे. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातून बारावी झालेल्यांना मिळत. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही ७०:३० पद्धत रद्द केली. त्यामुळे २०२४ साली भंडाऱ्याला १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज आलं, तरी त्यातली एकही जागा भंडाऱ्याच्या पोरांसाठी म्हणून वेगळी नाही. लाखांदूरची मुलगी आणि लातूरची मुलगी आता एकाच यादीत.

राज्याचा हा नियम सांभाळायचा आणि कोट्याचं कोचिंगही सोडायचं नाही, यातून 'डमी' प्रवेश आला. नाव इथल्या हजेरीपटावर, पोरगं राजस्थानात. यात प्रयोगशाळा सुटते. नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राच्या प्रयोगांवर आणि प्रात्यक्षिक रसायनशास्त्रावर वेगळे घटक आहेत. माझ्या विषयातही प्रयोगशाळा तितकीच कामाला येते. कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, रंगद्रव्यात भिजवून स्पिरिटच्या दिव्यावर हलकं शेकायचं, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायचं. सूक्ष्मदर्शकात गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी दिसली की पेशीविभाजनाच्या अवस्थांची घोकंपट्टी थांबते. "मॅडम, हे तर खरंच असं असते!" असं पोरं ओरडतात. तो धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

कॉलेज निवडताना म्हणून मी एवढंच विचारायला सांगते: तिन्ही विषयांना शिक्षक आहेत का? प्रयोगशाळेचं कुलूप निघतं का? एसटीत रोजचे किती तास जातात? आणि ऑफिस जागं आहे का? हे शेवटचं कोणी विचारत नाही. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जातो. तो रखडला, तर चांगले गुण असूनही राखीव जागा हातची जाण्याची भीती असते. दप्तरातला सावध बाबू इथे शिक्षकाइतकाच कामाचा.

नागपूरला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. घरात अभ्यासाला जागाच नसेल, गावात शिकवणारंच कोणी नसेल, तर जावं. पण नीटला वयाची वरची अट नाही, कितीदा बसावं यालाही मर्यादा नाही. बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणारी पोरं दरवर्षी असतात. म्हणून धान विकून आलेला सगळा पैसा अकरावीच्या प्रवेशातच घालू नका. पुन्हा बसायची पाळी आली, तर त्या वर्षाचा खर्च हाताशी असू द्या.