स्थिर डोळा आणि चालता डोळा

जुन्या सचित्र पोथीतील वाडा पाहून घरांतील मुलें विचारतात, "हा असा वांकडा कां?" वडील मंडळी सांगतात, "पूर्वीच्या लोकांस यथादर्शन ठाऊक नव्हतें." हें उत्तर एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे, कारण त्यांत आपल्या पूर्वजांवर अडाणीपणाचा शिक्का बसतो.

युरोपांत आल्बेर्टी यानें १४३५ साली चित्रास उघड्या खिडकीची उपमा दिली. पाहणारा एका जागीं उभा, डोळा स्थिर. समांतर रेषा दूर एका बिंदूंत मिळतात. अशा चित्रांत अवकाशाची खोली साधते, पण काळ एका क्षणावर थांबतो.

चिनी चित्रकाराचा डोळा चालता आहे. अकराव्या शतकांतील ग्वो शी यानें डोंगर पाहण्याचे तीन प्रकार सांगितले: पायथ्याहून शिखराकडे, समोरून मागील रांगांत, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे. एकाच चित्रांत हे तिन्ही नांदतात. बाराव्या शतकांतील झांग झेद्वान याचा प्रसिद्ध चित्रपट पांच मीटरांहून लांब आहे. तो उजवीकडून हातभर उलगडावा, पाहिलेलें गुंडाळावें. शेतें, नदी, पूल, वेस, बाजार अशी वाट पुढें सरकते. येथें काळ हाच प्रवास होतो.

आपलीही रीत ह्याच्या जवळची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत एकच पुरुष एका भिंतीवर कथेच्या ओघांत अनेकदां भेटतो. पिंगुळीचे चित्रकथी चित्रांचीं पानें एकामागून एक दाखवीत कथा गातात. पुढें १७९२ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढलीं. त्याच सुमारास रेसिडेंट मॅलेट याच्या पुढाकारानें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली, आणि गंगाराम तांबटासारख्या गुणी कारागिरानें नवी रीत उचलून वेरूळचीं लेणीं रेखाटलीं. शिकावयाचें ठरतांच आपला माणूस तें शिकला, हें ध्यानांत ठेवावें.

आणि जुनी रीत मेली असेंही नाहीं. पिंपरी-चिंचवड वा चाकण येथील कारखान्यांत यंत्राच्या भागाचा सममितीय आराखडा पाहावा. त्यांत समांतर रेषा दूर जाऊनही समांतरच राहतात. त्या एका बिंदूंत मिळाल्या तर लांबीचें एक प्रमाण सर्वत्र टिकणार नाहीं. चिनी चित्रकारही आपलीं घरें बहुधा ह्याच न्यायानें काढीत.

तेव्हां मुलांस उत्तर देतांना "ठाऊक नव्हतें" असें म्हणूं नये. त्या चित्रकारानें वाडा एका खिडकींतून पाहिला नाहीं; तो अंगणांतून माजघरांत व माजघरांतून माडीवर गेला, आणि आपणांसही संगें घेऊन गेला, असें सांगावें.