माळकऱ्याच्या ताटात सोयाबीनची वडी

आमच्या आळीत एक आबा आहेत. जन्मभर त्यांनी मटण खाल्लं. पाहुणा आला की कोंबडी कापायची, अशी घरची रीत. मागच्या वर्षी ते पंढरपूरला गेले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आले. माळ घातली की मांस-मासळी सोडायची. आबांनी ती सोडली.

चैत्रात गावची जत्रा आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघर बोकडाचं जेवण असतं. आबांच्या घरी लेक-जावई आलेले. सूनबाईंनी काय केलं? कांदा-खोबरं भाजलं, मसाला वाटला, आणि मटणाऐवजी सोयाबीनच्या वड्या घालून झणझणीत रस्सा केला. सगळी पंगत एकाच रश्श्यावर बसली. आबा दोन भाकरी जेवले. तेवढ्यात शेजारी डोकावला आणि हसून म्हणाला, "काय आबा, माळ गळ्यात पडली, पण जीभ काही माळकरी झाली नाही!"

आबांना ते फार लागलं. संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा. माझी माळ बाटली का?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही सोडलं काय?"

"जीव मारून खाणं सोडलं."

"मग मसाला सोडला होता का?"

मंडळी, मटणाच्या रश्श्यात काय काय पडतं ते मोजून पाहा. कांदा, लसूण, आलं, सुकं खोबरं, तीळ, मिरची, धणे, लवंग, दालचिनी, तेल. मटण आणि मीठ-पाणी सोडलं, तर बाकी सगळं झाडावेलींचंच! ज्याला आपण मटणाची चव म्हणतो, तिच्यात मोठा वाटा या मसाल्याचा असतो. राहिला तो दाताखाली येणारा चावटपणा. तो उसळीत मिळत नाही, वडीत मिळतो. माणूस मनाशी एका दिवसात ठरवतो. जिभेची चाळीस वर्षांची सवय काही एका दिवसात जात नाही. वडीमुळे नेम पाळणं सोपं जातं. शिवाय पाहुण्यांबरोबर एकाच पंगतीला बसता येतं. आपलं ताट वेगळं मांडावं लागत नाही. हीही काही लहान गोष्ट नाही.

असं करणारे आबा काही पहिले नव्हेत. चीन देशात बौद्ध मठांमध्ये मांस वर्ज्य. तिथले स्वयंपाकी गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात धुऊन धुऊन त्यातला चिवट भाग काढत आले आहेत. त्याचे मांसासारखे पदार्थ ते करतात. बंगालात कोवळ्या फणसाला 'गाछपाँठा' म्हणतात. म्हणजे झाडावरचा बोकड! आपल्या कोकणातही कच्च्या फणसाची भाजी होतेच.

पण फणसात एक उणीव आहे. त्याने जिभेचं काम होतं, अंगाचं होत नाही. शरीराची झीज भरून काढतात ती प्रथिनं. शंभर ग्रॅम फणसात ती जेमतेम दोन ग्रॅम निघतात. तेवढ्याच तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम, आणि सुक्या सोयावडीत ५० ग्रॅमच्या आसपास. मात्र इथे फसू नका. वडी भिजली की पाणी पिऊन दुपटी-तिपटीने जड होते. म्हणून ताटातल्या वडीला सुक्या वडीचा आकडा लावू नये.

मांस सोडलं आणि त्याच्या जागी काहीच घेतलं नाही, नुसती भाकरी आणि पातळ आमटी, असं पुष्कळ घरांत होतं. घरातला कर्ता माळ घालतो, आणि वाढत्या पोरांचंही अंडं-मटण बंद होतं. पोरं काही बोलत नाहीत. मला वाटतं, शेजाऱ्याने हसायचंच होतं तर अशा ताटाला हसायचं होतं.

आता ही वडी होते कशी? मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उदंड पिकतं. गिरणीत त्याचं तेल काढतात. मागे राहते ती पेंड. पुष्कळशी पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. माणसाच्या खाण्याजोगी निवडलेली पेंड दळून पीठ करतात. ते ओलसर करून यंत्रात घालतात. आत मोठी उष्णता आणि दाब असतो. लहान भोकातून पीठ बाहेर पडलं की एकदम फुलतं. ते कापून वाळवलं की झाली वडी. त्या दाबामुळेच तिला आतून धागे येतात, आणि ते धागे दाताला मांसासारखे लागतात.

आमच्या घरी मात्र ही वडी चालत नाही. आमच्या मंडळींनी कधी मांस खाल्लेलं नाही, त्यांना तो चावाच नकोसा होतो. त्यांना डाळ, दूध, हरभरा पुरे. ज्याची सवय त्याला ठाऊक!

करताना वडी मिठाच्या गरम पाण्यात भिजवावी, घट्ट पिळावी, पुन्हा धुऊन पिळावी. नाहीतर सोयाबीनचा उग्र वास राहतो. शहरातून शाकाहारी कबाबाची पाकिटं आणलीत, तर वरची अक्षरं वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आहे ना, ते पाहा. मीठ किती तेही पाहा. आणखी एक. मांसातून मिळणारं बी-१२ हे जीवनसत्त्व साध्या वडीत नसतं. त्यासाठी दूध-दही ताटात ठेवा.

हे सगळं आबांनी शांतपणे ऐकलं. उठताना म्हणाले, "गुरुजी, रविवारी जेवायला या. शेजाऱ्यालाही बोलावतो." मी गेलो. शेजारी आला होता. त्याने रस्सा दोनदा मागून घेतला.