विश्वासाचं भांडवल : मार्ली आणि ब्लॅकवेल

१९७२ साली बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर लंडनमध्ये अडकून पडले होते. जमैकाला परतायलाही पैसे नव्हते. ‘द वेलर्स’ म्हणून त्यांनी किंग्स्टन गाजवलं होतं, पण गाजलेल्या गाण्यांचा पैसा त्यांच्या हाती फारसा लागला नव्हता. अशा वेळी ते आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलला भेटले.

ब्लॅकवेल जमैकातच वाढलेला गोरा तरुण. १९५९ मध्ये त्यानं तिथेच ही कंपनी काढली होती. एकदा समुद्रात बोट अडकली तेव्हा त्याला आसरा दिला तो रास्ताफारी पंथाच्या कोळ्यांनी. ज्यांना तिथला सभ्य समाज घाबरून असे, त्यांनीच. समोर बसलेल्या तिघांकडे तो विश्वासानं पाहू शकला, त्यामागे हा अनुभव होता. या मंडळींच्या नादी लागू नकोस, पैसे बुडतील, असं लोक सांगत असताना त्यानं कसलाही करार न करता चार हजार पौंड त्यांच्या हवाली केले. काही महिन्यांनी तो किंग्स्टनला गेला, तेव्हा पै न् पै ध्वनिमुद्रणावर खर्च झालेली त्याला दिसली.

रेगे हे जमैकाचं संगीत तेव्हा सुट्या गाण्यांच्या तबकड्यांवर चाले. ब्लॅकवेलला मात्र रॉक बँडसारखा अख्खा अल्बम हवा होता. लंडनमध्ये मार्लीच्या उपस्थितीत त्यानं किंग्स्टनच्या त्या ध्वनिमुद्रणाच्या टेपवर वाद्यांचे नवे थर चढवले. अलाबामाच्या वेन पर्किन्सला गिटार वाजवायला बोलावलं, तर त्याला रेगेचा ठेकाच सापडेना! तरीही ‘काँक्रीट जंगल’मधली त्याची गिटार आज त्या गाण्यापासून वेगळी काढता येत नाही. ‘कॅच अ फायर’ १९७३ मध्ये आला, झिप्पो लायटरसारख्या उघडणाऱ्या वेष्टनात. सुरुवातीची विक्री बेताचीच होती. ब्लॅकवेलनं हात आखडता घेतला नाही. त्याच वर्षी ‘बर्निन’ही काढला.

या पाठबळाची किंमतही मोजावी लागली. ब्लॅकवेल बॉबलाच पुढे करतो, ही टॉश आणि बनीची सल खरी होती. १९७४ पर्यंत दोघंही बाहेर पडले, आणि तीन गळ्यांचा तो मेळ फुटला. मार्लीच्या जागतिक यशाचा मागोवा घेताना हे नुकसान झाकून ठेवता येणार नाही.

डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनच्या ५६, होप रोडवरच्या घरी मार्लीवर गोळीबार झाला. ते घरही मुळात ब्लॅकवेलचंच. त्यानंतर मार्ली लंडनला आला आणि आयलंडच्याच स्टुडिओत ‘एक्सोडस’ हा अल्बम आकाराला आला.

मला या भागीदारीची खरी उंची दिसते ती १९८० च्या ‘अपरायझिंग’ या अल्बममध्ये. त्यातलं ‘रिडेम्प्शन साँग’ मार्लीनं बँडसह करून पाहिलं होतं. ब्लॅकवेलनं सुचवलं, बँड नको, एकट्यानं गा. मार्लीनं ते मानलं. आठ वर्षांपूर्वी जगानं ऐकावं म्हणून ज्यानं वाद्यं वाढवली, त्यानंच आता ती काढायला लावली. कारण मधल्या काळात मार्लीनं जगाला ऐकायला शिकवलं होतं. ११ मे १९८१ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, मार्ली गेला. कलावंताच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे नुसते पैसे पुरवणं नव्हे. त्याला कधी जोड द्यायची आणि कधी मोकळं सोडायचं, हे ओळखणं. ब्लॅकवेलला ते ओळखता आलं.