जबड्याची गाठ आणि दुसऱ्या कुत्र्याचं रक्त

जून 2024मध्ये रतन टाटा यांनी समाजमाध्यमावरून मुंबईकरांना एक विनंती केली. त्यांच्या मुंबईतल्या प्राण्यांच्या रुग्णालयात सात महिन्यांचं एक कुत्रं दाखल होतं. गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचा संशय होता, रक्ताचं प्रमाण जिवावर बेतेल इतकं खाली गेलं होतं आणि तातडीने रक्त हवं होतं. रक्त देणाऱ्या कुत्र्यासाठीच्या अटीही त्यात होत्या: वय एक ते आठ वर्षं, वजन 25 किलो किंवा अधिक, लसीकरण आणि जंतनाशक पूर्ण, कोणताही मोठा आजार झालेला नसावा आणि मागच्या सहा महिन्यांत अंगावर गोचिडी वा पिसवा झालेल्या नसाव्यात. मुंबईकरांनी लगेच प्रतिसाद दिला आणि रक्तदाते कुत्रे मिळाले.

सगळ्यांच्या तोंडी नाव असलेल्या माणसाने हाक दिली, म्हणून हे जमलं. एखाद्या तालुक्याच्या गावी असं कुत्रं आजारी पडलं तर त्याच्या घरच्यांनी कुणाकडे जायचं?

हा प्रश्न केवळ तापापुरता नाही. कुत्र्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवरची शस्त्रक्रियाही अनेकदा रक्तावाचूनच अडते. कुत्र्यांना तोंडाचा कॅन्सर होतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. तंबाखूचा संबंध नसतानाही तो होतो, आणि बहुधा उतारवयात. त्यात मेलानोमा सर्वांत जास्त आढळतो. त्यामागोमाग स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि फायब्रोसार्कोमा. सुरुवातीची लक्षणं साधी वाटतात. तोंडाला घाण वास येतो, लाळेत रक्त दिसतं, कुत्रं एकाच बाजूने चावतं, खाताना घास खाली पडतो, एखादा दात विनाकारण हलायला लागतो. ‘दात किडला असेल’ म्हणून महिना-दोन महिने निघून जातात. मेलानोमाची गाठ काळीच असते असंही नाही. बऱ्याच गाठी गुलाबी असतात आणि हिरडी सुजल्यासारख्या दिसतात.

हे महिने फार महाग पडतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना पूर्ण काढलेल्या मेलानोमानंतर कुत्री अनेकदा वर्षाहून जास्त जगतात. गाठ चार सेंटिमीटरच्या पुढे गेली की आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावं लागतं, कारण तोवर रोग मानेतल्या लसिका ग्रंथींत आणि फुप्फुसांत पोचलेला असू शकतो. म्हणून आधी गाठीचा तुकडा तपासतात, ग्रंथींची तपासणी होते, छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो आणि मगच शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये निदान होईतो रोग बहुधा पसरलेला असतो, त्यामुळे तिथे नुसत्या शस्त्रक्रियेने क्वचितच भागतं. उलट खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा वेळेत काढला तर निकाल खूप चांगले मिळतात.

ही शस्त्रक्रिया ऐकायला भयंकर वाटते. कॅन्सर हाडात शिरलेला असतो, म्हणून गाठीभोवतीचा एक ते दोन सेंटिमीटर निरोगी भाग धरून जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. माणसांत असा जबडा गेला तर पुढे बोलण्या-गिळण्याचे प्रश्न वर्षानुवर्षं पिच्छा पुरवतात. कुत्री मात्र चकित करणाऱ्या वेगाने जुळवून घेतात. बरीच कुत्री एक-दोन दिवसांत मऊ अन्न खायला लागतात. जीभ थोडी बाहेर लोंबते, चेहरा बदलतो, पण त्याचं दुःख घरच्यांना होतं, कुत्र्याला नाही. अशी शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांना नंतर विचारलं तेव्हा बहुतेकांनी निर्णय योग्य होता असंच सांगितलं आहे.

खरा धोका असतो तो टेबलावर. विशेषतः वरच्या जबड्यात मोठ्या रक्तवाहिन्या हाडातल्या बोगद्यांतून जातात. हाड कापून बाजूला होईपर्यंत त्या नीट बांधता येत नाहीत आणि तेवढ्या वेळात भराभर रक्त जातं. भूल देताना घशात कापडाची घडी ठेवतात, ती हे रक्त श्वासनळीत उतरू नये म्हणून. कुत्र्याच्या शरीरात किलोमागे साधारण 85 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यात एक लिटरसुद्धा नाही. गाठीतून आधीच रक्त झिरपून ते अशक्त झालेलं असेल, तर अनुभवी सर्जनही रक्ताची पिशवी हाताशी असल्याशिवाय सुरी उचलत नाही.

ही पिशवी भरायला दुसरं कुत्रं लागतं. एका वेळी जास्तीत जास्त 450 मिलिलिटर रक्त घेतात. 30 किलोच्या कुत्र्याच्या एकूण रक्ताचा हा पाचव्या भागाहून थोडा कमी हिस्सा झाला. मानेवरचे केस काढून तिथल्या मोठ्या शिरेतून दहा-एक मिनिटांत हे काम होतं. शांत स्वभावाच्या कुत्र्याला भुलीची गरज पडत नाही. नंतर खाणं-पाणी द्यायचं, दिवसभर पळवायचं नाही आणि गळ्याला पट्टा बांधायचा नाही. वीस किलोच्या रुग्णाला एवढी एक पिशवी मोठा आधार देते.

रक्तगट कुत्र्यांनाही असतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा डीईए 1. या गटाविरुद्ध कुत्र्याच्या अंगात जन्मतः प्रतिपिंडं नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी न जुळणारं रक्तही बहुधा सोसतं. मात्र शरीर ते लक्षात ठेवतं. दुसऱ्या वेळी तेच रक्त दिलं तर लाल पेशी फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून गट तपासणं आणि रक्त जुळवून पाहणं टाळता कामा नये.

आपल्याकडे सर्वांत मोठी अडचण गोचिडांची आहे. त्यांच्या चाव्यातून दोन जंतू पसरतात: बाबेसिया हा सूक्ष्म परजीवी लाल पेशींत राहतो, एर्लिकिया पांढऱ्या पेशींत. दोन्ही जंतू बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या, चांगलं खाणाऱ्या-खेळणाऱ्या कुत्र्याच्या रक्तात गुपचूप असू शकतात आणि पिशवीतून थेट रुग्णात उतरतात. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतून नुकत्याच सावरणाऱ्या कुत्र्याला हा ताप परवडत नाही. रक्ताची नुसती काचपट्टी पाहिली तर हे जंतू नजरेतून सुटू शकतात. पीसीआर चाचणी अधिक भरवशाची. डॉबरमनसारख्या जातीत रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, तोही आधी तपासावा लागतो. ज्याला स्वतःला पूर्वी रक्त द्यावं लागलं आहे, असं कुत्रं दाता म्हणून घेत नाहीत.

एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देण्याचा प्रयोग इंग्रज वैद्य रिचर्ड लोअर यांनी ऑक्सफर्डमध्ये 1665 सालीच केला होता. ब्रिटनमध्ये 2007पासून प्राण्यांची धर्मादाय रक्तपेढी चालते आणि तिचा सगळा कारभार लोकांनी आपणहून आणलेल्या कुत्र्यांवर उभा आहे. भारतात चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयाने प्राण्यांची रक्तपेढी चालवून दाखवली आहे. महाराष्ट्रात पाळलेली लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड आणि धिप्पाड गावठी कुत्री पाहता दाते कमी पडायचं कारण नाही. कमी आहे ती नोंद. कुणाच्या कुत्र्याचा गट कोणता, चाचण्या कधी झाल्या, बोलावलं तर किती वेळात येईल, याची यादी प्रत्येक शहरातल्या पशुवैद्यांकडे तयार असायला हवी.

तुमचं कुत्रं तरुण, निरोगी आणि 25 किलोच्या वर असेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाता म्हणून त्याचं नाव लिहून घ्यायला सांगा आणि रक्तगट तपासून घ्या. गोचिडांचं औषध वर्षभर चुकवू नका. आणि कुत्रं लहान असो की मोठं, महिन्यातून एकदा त्याचे ओठ वर करून हिरड्या, टाळू आणि जिभेखालची जागा नीट पाहा. गाठ दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.