बिल स्कॅन करा, पण वाचता येईल असे

कापडाच्या धंद्यात कागद हाच मोठा साक्षीदार. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. खरेदीचे बिल जवळ नसेल तर भरलेल्या कराची वजावट मागता येत नाही. हिशेबाची कागदपत्रेही वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. तेव्हा आम्ही दुकानदार बिले स्कॅन करून ठेवतो. पण वेळेला फाइल उघडावी तर आकडे पुसट आणि शिक्क्याच्या जागी काळा डाग! असे झाले तर बहुधा स्कॅनर बिघडलेला नसतो, सेटिंग चुकलेले असते.

डीपीआय : एका इंचात किती ठिपके टिपायचे, तो हा आकडा. बिलाला ३०० पुरे. ए-फोर कागदाचे त्यात सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ६०० केले तर चौपट होतात, फाइल जड होते आणि पुसट अक्षर पुसटच राहते.

रंग : ‘ब्लॅक अँड व्हाइट’मध्ये प्रत्येक ठिपका काळा तरी होतो नाहीतर पांढरा. ठळक छापील बिलाला ते चालते. गुलाबी कार्बन प्रतीला मात्र ‘ग्रेस्केल’ लावावे. त्यात करड्या रंगाच्या २५६ छटा असतात. आकड्यांवर जांभळा शिक्का असेल तर रंगीतच घ्यावे, म्हणजे शिक्का व आकडा वेगळे दिसतात.

उजेड : कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ब्राइटनेस वाढवला की फिकट अक्षरे उडतात. तो थोडा कमी ठेवून कॉन्ट्रास्ट वाढवावा. पातळ बिल्टीची मागची बाजू उमटत असेल तर पाठीशी काळा कागद ठेवावा.

काच : फीडरमधून काढलेल्या प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल तर आतल्या अरुंद काचेवर कचरा आहे. मऊ कापडाने पुसावी.

मशीनच्या चकचकीत पावत्या उष्णतेने खराब होतात. त्या आल्या दिवशीच स्कॅन कराव्यात, लॅमिनेशन करू नये.

शेवटी फाइल मोठी करून १५ अक्षरी जीएसटी क्रमांक अस्सल बिलाशी ताडून पाहावा. इंग्रजी आठ आणि ‘बी’, पाच आणि ‘एस’ वेगळे ओळखू आले तरच काम झाले. अस्सल बिल मात्र फाडू नये.